हुंकाऱ्याचा अनुवाद

अर्ध्या तासाच्या एका संभाषणाचा मराठी अनुवाद करायला मला चार महिने लागले, आणि त्यातला बराच वेळ एका अक्षरावर गेला. महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीला तिच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी हा अनुवाद हवा होता. संभाषण इंग्रजीतलं, १९६४ साली चित्रित झालेलं. समोरासमोर दोन खुर्च्या. एकीवर ग्लोरिया नावाची तरुण, घटस्फोटित आई, दुसरीवर कार्ल रॉजर्स हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. ती बोलते, आणि दर दोन-चार वाक्यांनंतर रॉजर्स यांच्या घशातून एक आवाज येतो. लिखित प्रतीत तो साधारण ‘म्-हं’ असा उतरवलेला आहे.

पहिल्या खर्ड्यात मी त्याच्या जागी ‘बरं’ लिहिलं. वाचून पाहिलं तर रॉजर्स घाईत असल्यासारखे वाटू लागले. आपल्याकडचं ‘बरं’ पुष्कळदा समोरच्याला आवरतं घ्यायला सांगतं. ‘खरंय’ लिहिलं तर त्यांनी तिची बाजू घेतल्यासारखं झालं. ‘हो का?’मध्ये संशय आला, ‘अरेरे’मध्ये कीव आली आणि ‘अच्छा’ने त्यांना थेट जबाब नोंदवून घेणाऱ्या हवालदाराच्या खुर्चीत नेऊन बसवलं. शेवटी ‘हं’ तेवढं उरलं. तेही कागदावर वाचताना प्रत्येक वाचक आपापल्या सुरात वाचणार.

याच काळात मी स्वतः जयपूरमध्ये अशा एखाद्या खुर्चीच्या शोधात होते. आई गेल्याला वर्ष उलटून गेलं होतं आणि रात्री तीन वाजता जाग येण्याची सवय जात नव्हती. त्यामुळे दिवसा टेबलावर जो प्रश्न अनुवादाचा होता, तोच संध्याकाळी माझा स्वतःचा होत असे: सल्ला न देता, निवाडा न करता, आपलं बोलणं ऐकून घेणारं माणूस आपल्या भाषेत कसं बोलेल? हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. तो मी मराठीपुरता मांडते आहे, पण हिंदीत, कन्नडमध्ये, गुजरातीत काम करणाऱ्यांनाही तो परका वाटणार नाही असा माझा अंदाज आहे.

ग्लोरियाच्या त्या चित्रफितीची गंमत अशी की ती एकटी नाही. एव्हरेट शोस्ट्रॉम यांनी तीन वेगवेगळ्या पद्धतींच्या मानसोपचारकांना एकच व्यक्ती भेटवली: रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस. रॉजर्स यांच्याशी बोलताना ग्लोरियाचा मुख्य सल असा की घटस्फोटानंतरच्या आपल्या पुरुषांशी असलेल्या संबंधांबद्दल आपण लहान मुलीशी खोटं बोललो. मुलीला खरं सांगावं का, असं ती रॉजर्सना सरळ विचारते. पुन्हा विचारते. उत्तर द्यायचं टाळता आहात, असंही सुचवून पाहते. रॉजर्स उत्तर देत नाहीत, पण प्रश्न उडवूनही लावत नाहीत. उत्तर हवंसं वाटण्यामागची तिची ओढाताण ते तिच्यासमोर पुन्हा मांडत राहतात, आणि हळूहळू तिच्या लक्षात येतं की आपल्याला काय करायचं आहे हे आपल्याला बरंचसं ठाऊक आहे. अडचण आहे ती स्वतःला ते करू देण्याची. एलिस यांच्याबरोबरची भेट अगदी वेगळी आहे. एलिस झपाट्याने बोलतात, तिच्या विचारांतली अतिशयोक्ती पकडतात, पुरुषांना भेटताना काय करून पाहायचं याचा गृहपाठ देतात. त्या एका भेटीत आपण फार काही कोंबायला गेलो, हे पुढे त्यांनी स्वतःही मान्य केलं.

मराठी वाचकाला या तिघांपैकी एलिस ओळखीचे आहेत, आणि ते केवळ नावापुरते नव्हे. कि. मो. फडके यांनी त्यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार मराठीत आणण्यासाठी आयुष्यातली अनेक वर्षं दिली. डॉ. अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ ही चरित्रात्मक कादंबरी लिहिली. डॉ. आनंद नाडकर्णी आणि १९९० साली ठाण्यात सुरू झालेली त्यांची मानसिक आरोग्य संस्था यांनी व्याख्यानांतून, पुस्तकांतून, शिबिरांतून हा विचार मध्यमवर्गीय घरांच्या बैठकीपर्यंत नेला. न्यूयॉर्कचा एक फटकळ मानसोपचारतज्ज्ञ मराठी कादंबरीचा नायक होतो, ही तुलनात्मक साहित्याच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावी अशी गोष्ट आहे. रॉजर्सना मराठीत असं घर मिळालं नाही. ते पाठ्यपुस्तकातल्या एका प्रकरणात राहतात आणि परीक्षा संपली की निघून जातात.

असं का झालं असावं? प्रचारकांची चिकाटी हे एक कारण आहेच. पण ग्रहण करणाऱ्या भाषेकडे आधीच काय होतं, हेही पाहावं लागतं. एलिस यांच्या मांडणीत मनाशी वाद घालायचा असतो: घटना, तिच्याबद्दलची आपली धारणा आणि त्यातून येणारी भावना अशी साखळी लावायची, आणि मधली धारणा तपासून बदलायची. मराठी माणसाला मनाशी बोलण्याचा हा सूर सतराव्या शतकापासून पाठ आहे. रामदासांचे २०५ ‘मनाचे श्लोक’ म्हणजे मनाला संबोधून केलेला दीर्घ उपदेश. त्यात क्रियापदं बहुतांशी आज्ञार्थी. ‘विवेक’ हा शब्द संतांनी वापरून गुळगुळीत केलेला, आणि एकोणिसाव्या शतकात आगरकरांच्या पिढीने त्याला बुद्धिवादाची धार लावलेली. ‘विवेकनिष्ठ’ म्हटल्याबरोबर देवघर आणि ‘सुधारक’, दोन्हीकडचे दरवाजे उघडतात. एलिस मराठीत आले तेव्हा त्यांना पाट मांडलेलाच होता.

त्या उपकाराबद्दल कृतज्ञता ठेवूनही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. कौन्सेलिंगसाठी मराठीने रूढ केलेला शब्द आहे ‘समुपदेशन’. तो तोडून पाहा: सम् आणि उपदेश. म्हणजे शब्दाच्या पोटातच उपदेश बसलेला आहे. हिंदीने ‘परामर्श’ घेतला. जयपूरच्या पाट्यांवर मी रोज तो वाचते. त्याचाही व्यवहारातला अर्थ सल्लाच, पण त्याच्या मुळाशी असलेल्या धातूचा अर्थ स्पर्श करणं, चाचपणं, विचार करणं असा आहे. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे शब्दाचं नशीब नव्हे, हे मलाही कळतं. तरीही समुपदेशकाकडे जाणारा मराठी माणूस उपदेशाची तयारी ठेवून जातो, आणि खुर्चीत बसलेल्या समुपदेशकालाही आपण काहीतरी दिलं पाहिजे असं वाटत राहतं. ‘ऐकणे’ या क्रियापदातही हीच गाठ आहे. ‘माझं ऐक’ म्हणजे माझ्या म्हणण्याप्रमाणे वाग. मुलं आईबापांचं ऐकतात, म्हणजे आज्ञा पाळतात. उलट आईबाप मुलांचं ऐकतात म्हटलं की ते त्यांच्या मुठीत गेले असा अर्थ होतो. कान देणं आणि शरण जाणं यांत आपल्या भाषेने अंतर फार कमी ठेवलं आहे.

रॉजर्स यांचा सगळा उद्योग या अंतरात चालतो. १९४२ साली त्यांनी ‘पेशंट’ हा शब्द बाजूला ठेवून ‘क्लायंट’ हा शब्द रुळवायला घेतला. त्याच वर्षीच्या पुस्तकात त्यांनी एका व्यक्तीबरोबरच्या आठ मुलाखती ध्वनिमुद्रणावरून शब्दशः उतरवून छापल्या. बंद खोलीतलं बोलणं संहिता म्हणून सगळ्यांच्या तपासणीसाठी खुलं करणं त्या काळी धाडसाचं होतं. १९५१ आणि १९६१ सालची त्यांची दोन पुस्तकं पुढे जगभर वाचली गेली. त्यांचा दावा साधा आणि म्हणून चिडवणारा होता: माणसात वाढण्याची शक्ती असते, उपचारकाने काही विशिष्ट परिस्थिती निर्माण करायची. त्याने आतबाहेर एक असावं, समोरच्याला अटी न घालता स्वीकारावं आणि त्याचं जग त्याच्या बाजूने समजून घ्यावं. लहानपणी घराच्या तळघरात साठवलेल्या बटाट्यांना अंधारातही फिकट, लांबुळके कोंब फुटत आणि ते वरच्या खिडकीतल्या उजेडाकडे वळत, ही आठवण त्यांनी उतारवयात लिहून ठेवली आहे. त्यांच्या सिद्धान्ताचं याहून चांगलं चित्र मला माहीत नाही.

पण हे तीन गुण मराठीत लिहायला बसा. ‘क्लायंट’ला मराठीत ‘अशील’ आहे, पण तो वकिलाचा. ‘ग्राहक’ दुकानाचा. ‘रुग्ण’ म्हणायचं नाही म्हणून तर सगळा खटाटोप. मी शेवटी बहुतेक ठिकाणी ‘माणूस’ लिहिलं. अटी न घालता स्वीकारण्यासाठी माझ्या खर्ड्यात आधी ‘विनाअट सकारात्मक आदर’ आलं. ते शासनाच्या परिपत्रकासारखं दिसलं. आपल्याकडे ‘पदरात घेणे’ आहे, ‘पोटात घालणे’ आहे. दोन्ही ऊबदार, पण त्यांत घेणारा मोठा आणि ज्याला घेतलं तो अपराधी किंवा पोरका ठरतो. रॉजर्सना ही उंची नको होती.

सर्वांत कठीण ‘एम्पथी’. सहानुभूती म्हटलं की निवडणुकीतली लाट आठवते किंवा अनुकंपा तत्त्वावरची नोकरी. समानुभूती, तदनुभूती हे घडवलेले शब्द पुस्तकात चालतात, तोंडात बसत नाहीत. इथे मला शाळेतल्या अलंकारांनी मदत केली. रॉजर्स बजावतात की दुसऱ्याचं जग आपलंच असल्यासारखं अनुभवायचं, पण हे ‘असल्यासारखं’ कधीही विसरायचं नाही. म्हणजेच हा रूपक अलंकार नव्हे. ही उत्प्रेक्षा आहे. रूपकात मुख आणि कमळ एकच होऊन जातात. उत्प्रेक्षेत ‘जणू’ मध्ये उभा असतो आणि दोघांना जवळ आणूनही वेगळं ठेवतो. दुःखी माणसाशी रूपक करणारा नातेवाईक स्वतःच रडू लागतो, मग त्याचीच समजूत काढावी लागते. चांगला उपचारक ‘जणू’ सांभाळतो. चांगला अनुवादकही दुसरं काय करतो?

हे सैद्धान्तिक वाटत असेल तर २०१६ सालचे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहू. दोन्ही पश्चिम किनाऱ्यावर घडतात, दोन्हींत एक तरुण जीव खचलेला आहे. गौरी शिंदे यांचा हिंदी ‘डिअर जिंदगी’ गोव्यात घडतो. कायराला झोप येत नाही, ती जहांगीर खान या मानसोपचारकाकडे जाऊ लागते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा मराठी ‘कासव’ कोकणात घडतो. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला मानव हा मुलगा जानकी या स्त्रीच्या घरी येऊन राहतो. ‘कासव’ला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं.

‘डिअर जिंदगी’चं श्रेय मोठं आहे. थेरपीला जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे, ही गोष्ट शाहरुख खानच्या तोंडून ऐकल्यावर कितीतरी घरांत ती बोलता आली. शेवटी कायराला हे नातं खोलीबाहेर न्यावंसं वाटतं तेव्हा जहांगीर हळुवारपणे मर्यादा आखतो, हेही योग्य. पण त्याला बोलताना मोजून पाहा. खुर्च्यांचा दृष्टान्त येतो: विकत घेण्याआधी आपण बसून पाहतोच की. मग डोंगर चढण्याचा दृष्टान्त येतो. समुद्राशी कबड्डी येते. प्रत्येक भेटीअंती कायरा एक सुवचन घेऊन निघते आणि प्रेक्षकही घेऊन निघतो. बालपणी आजी-आजोबांकडे ठेवून गेलेल्या आईवडिलांबद्दलचा तिचा हंबरडा हा चित्रपटाचा खरा गाभा, तिथे ती बोलते आणि तो ऐकतो. पण त्याभोवतीचा सगळा डौल कीर्तनकाराचा आहे. पेहराव सैल, खोली सुंदर, रचना मात्र निरूपण आणि दृष्टान्ताची.

‘कासव’मध्ये उपचाराची खोली जवळपास नाहीच. जानकी स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. ती मुलाला घरात घेते आणि त्याला काही विचारत नाही. त्याने फेकलं, आदळलं, तोंड फिरवलं, तरी वेळेवर जेवण येतं. आसपास सागरी कासवांच्या संवर्धनाचं काम चाललेलं असतं; दत्ताभाऊंच्या भूमिकेतले मोहन आगाशे प्रत्यक्षातही मनोविकारतज्ज्ञ आहेत, हे माहीत असलेल्याला त्या भूमिकेचा आणखी एक पदर दिसतो. किनाऱ्यावरचे कार्यकर्ते अंडी कुंपणात सुरक्षित ठेवतात, पण पिल्लं बाहेर आल्यावर त्यांना उचलून पाण्यात टाकत नाहीत. वाळूवर सोडतात. तेवढं अंतर पिल्लाने स्वतः चालायचं असतं. रॉजर्सच्या बटाट्यांचा हा कोकणी भाऊबंद आहे. रॉजर्स मराठीत पुस्तकातून आले नसतील, पण या चित्रपटातून ते नाव न सांगता येऊन गेले असं मला वाटतं.

तरी ‘कासव’वरही माझा आक्षेप आहे, आणि तो या विषयाच्या मुळाशी जातो. ती शांतता महाग आहे. समुद्राकाठचं घर, गाडी, मदतीला माणसं, कुणालाही हिशेब न देता महिनोन्‌महिने थांबण्याची सवड. दोन खोल्यांत सासू, मुलं आणि घरून चालणारं ऑफिस सांभाळणाऱ्या बाईने जानकी कुठून आणावी? शिवाय जानकीचं मोठेपण तिच्या स्वभावात आहे, ती शिकून घेतलेली विद्या नाही. चित्रपट पाहून बाहेर पडताना असं वाटतं की नशिबात असेल तर असं माणूस भेटतं. रॉजर्सचा आग्रह उलटा होता: हे नशिबावर सोडू नये. ते शिकता येतं, तपासता येतं, ध्वनिमुद्रण करून स्वतःच्या चुका ऐकता येतात.

मराठीत न उपदेशणारा श्रोता नव्हताच असं मात्र नाही. तो शोधायला पुस्तकांच्या कपाटापासून दूर जावं लागतं. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटे दळताना बाई जात्याशी बोलते. सासर, माहेर, मेलेलं मूल, दारू पिणारा नवरा, भाऊ न आल्याचा सल. जातं मधे बोलत नाही, ‘तुझंच चुकलं असेल’ म्हणत नाही, आणि दगडाच्या घरघरीत तिचं बोलणं घरातल्या इतरांपासून लपून राहतं. गोपनीयता, ठरलेली वेळ, न्यायनिवाडा न करणारा श्रोता: यादी केली तर बरंच जुळतं. फक्त जातं ‘हं’ म्हणू शकत नाही. कधीकधी पलीकडे बसलेली जाऊ किंवा नणंद खुंट्याला हात लावून पुढची ओळ जोडते, तेव्हा ती उणीव थोडी भरून निघते.

‘हं’ म्हणण्याचं शास्त्र मला राजस्थानात सापडलं. इथल्या ‘बात’ सांगण्याच्या परंपरेत, ज्या परंपरेतून विजयदान देथांची ‘बातां री फुलवाड़ी’ आली, सांगणाऱ्याइतकंच महत्त्व हुंकारा देणाऱ्याला असतं. फौजेला जसा नगारा, तसा बातेला हुंकारा, अशा अर्थाची म्हण इथे सगळ्यांना ठाऊक असते. हुंकारा देणारा गोष्ट पुढे नेत नाही, वळवत नाही, तिच्यातून बोध काढत नाही. पण तो थांबला की गोष्ट थांबते. आमच्याकडेही गोष्ट सांगताना आजी ‘हं म्हण’ म्हणायची, नाहीतर पोर झोपलं असं धरून चालायची. एवढ्या जुन्या आणि साध्या जागी रॉजर्सचं ‘म्-हं’ आपल्याकडे आधीपासून होतं. त्या आवाजावरून रॉजर्स यांची खूप टिंगल झाली. पोपटही हे काम करील असं म्हणणारे होते. हुंकारा देणाऱ्याची राजस्थानात कुणी टिंगल करणार नाही. चुकीच्या जागी पडलेला हुंकारा गोष्ट मारतो, हे इथे सर्वांना माहीत आहे.

आता खुर्चीच्या शोधाकडे. भारतात मनाच्या त्रासासाठी मदत मागणाऱ्यापुढे पहिला गोंधळ पाट्यांचा असतो. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे वैद्यकीय पदवीधर, औषध देऊ शकणारा; चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते; समुपदेशक मात्र नुसती पाटी लावूनही होता येतं. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या विकारांसाठी उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के होतं. २०१७च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा हक्क केला. ऑक्टोबर २०२२पासून टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, त्यावर अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. पहिला आधार म्हणून, विशेषतः जीव नकोसा झालेल्या रात्री, तो फार मोलाचा आहे. पण दर आठवड्याला तेच माणूस, तीच खोली आणि आपलीच भाषा, ही गोष्ट अजून मोठ्या शहरांत आणि पैसे मोजू शकणाऱ्यांनाच मिळते.

जयपूरमधल्या ज्या पहिल्या ठिकाणी मी गेले, तिथे आधी एक अर्ज दिला गेला. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, शून्य ते तीन. अशा प्रश्नावल्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांनी अनेकांचे जीव वेळेत वाचवले आहेत. पण मी हिंदीत सांगत होते, आणि माझं दुःख मराठी होतं. ‘हुरहूर’ला मी ‘बेचैनी’ म्हटलं, समोरच्यांनी लिहिताना त्याची ‘एंग्जायटी’ केली. ‘घालमेल’चीही एंग्जायटी झाली. ‘पोटात खड्डा पडतो’ म्हटल्यावर पचनाची चौकशी झाली. तीन वेगळ्या गोष्टी एका रकान्यात गेल्या. मग श्वासाचा व्यायाम, झोपेची वही, आणि ‘माँ को तो जाना ही था’ हे वाक्य. व्यायामाचा उपयोग झाला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्या वाक्याने मी तिथे परत गेले नाही.

दुसऱ्या ठिकाणची बाई माझ्यापेक्षा वयाने लहान, शेखावाटीकडची, मराठीचा गंध नसलेली. मी पुन्हा ‘बेचैनी’ म्हणाले आणि अडले. तिने विचारलं, ‘आपकी भाषा में क्या कहते हैं?’ मी ‘हुरहूर’ म्हणाले. तिने तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला, अर्थ विचारला नाही, कागदावर देवनागरीत तसाच लिहिला. पुढच्या आठवड्यात म्हणाली, ‘इस हफ़्ते हुरहूर कैसी रही?’ मराठी येत नसलेल्या माणसाने माझ्या शब्दाचा अनुवाद करायचं नाकारलं, आणि तिथे मला पहिल्यांदा वाटलं की आपण तक्त्यातल्या रकान्यात नाही, माणूस म्हणून इथे बसलो आहोत. मी तिला एकदा सरळ विचारलं होतं की आईचं सोलापूरचं घर विकावं का. तिने उत्तर दिलं नाही. मला राग आला, आणि त्या रागाबद्दल आम्ही पुढचा तास बोललो. ग्लोरियाच्या संहितेतली ती जागा त्या दिवशी मला कळली. त्याआधी मी फक्त तिचा अनुवाद केला होता.

यावरून आपल्या भाषेतला उपचारक शोधू नये, असं कुणी समजू नये. शोधावाच. पण भाषा समान असली की समजूत आपोआप येते, हा भ्रमही ठेवू नये. मराठी बोलणाऱ्या समुपदेशकाने ‘हुरहूर’ ऐकून मान डोलावली असती, कारण त्याला ती माहीत आहे. आणि मग माझी हुरहूर कशी आहे हे विचारायचं राहून गेलं असतं. व्यक्तिकेंद्रित म्हणतात ते इथे सुरू होतं: ओळखीच्या शब्दालाही अनोळखी मानून विचारण्यात. उपचारकाच्या पहिल्या दोन-तीन भेटींत मी आता एवढंच पाहायला सांगते: तुमचे शब्द त्याच्या तोंडी तुमचे म्हणून परत येतात का, की त्याचे होऊन येतात? आणि तुमचं म्हणणं त्याने चुकीचं ऐकलं असं तुम्ही सांगितलंत, तर तो तुम्हाला दुरुस्त करतो की स्वतःला?

मराठीत या विषयावर लिहिणाऱ्यांकडून मला आणखी पुस्तकं हवी आहेत, पण मनाला काय सांगावं याची आता पुष्कळ झाली. बंद खोलीत काय बोललं गेलं आणि ते कसं ऐकलं गेलं, हे व्यक्तीची ओळख राखून, परवानगीने, अडखळण्यासकट मराठीत उतरवलेलं मला वाचायचं आहे. आपल्याकडे आत्मकथनांची एवढी श्रीमंत परंपरा आहे. तिच्यात सांगणारे हजारो आहेत. ऐकणाऱ्याची वही अजून रिकामी आहे.

ग्लोरियाचा अनुवाद मैत्रिणीकडे गेला आहे. ‘म्-हं’च्या जागी मी सगळीकडे ‘हं’ ठेवलं आणि मुलांसाठी वर एक सूचना लिहिली: दोघींनी किंवा दोघांनी मिळून मोठ्याने वाचावे, ‘हं’ म्हणणाऱ्याने आपल्या ओळीची वाट पाहू नये, समोरच्याकडे पाहावे. मैत्रीण सांगत होती की पहिल्या दिवशी वर्गात सगळे हसत सुटले. तिसऱ्या दिवशी एक मुलगी वाचता वाचता संहिता सोडून स्वतःचंच काही बोलू लागली, आणि समोरच्या मुलीला कागदावर आपली ओळ सापडेना. ती घाबरली, थोडा वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, ‘हं.’